आल्याच्या बिस्किटांचा डबा

१

डबा जागेवर नव्हता.

हार्लन ब्रेक्कीने पलंगाशेजारच्या फळीवरून हात फिरवला, उशी उचलून बघितली, मग नवा बसवलेला गुडघा कुरकुरत असतानाही ओणवा होऊन पलंगाखाली डोकावला. तिथे त्याचे मोजे होते, डबा नव्हता. निळ्या पत्र्याचा, चपटा, आल्याच्या बिस्किटांचा डबा. बिस्किटं प्रवासातच संपली होती, तळाशी चुरा तेवढा उरला होता, आणि त्या चुऱ्यावर काल झोपण्यापूर्वी त्याने स्वतःच्या हाताने दोघांचे पासपोर्ट ठेवून झाकण दाबलं होतं. चोर पाकीट उचलतो, पिशवी उचलतो. बिस्किटांचा रिकामा डबा कोण उचलतो? हार्लन जन्मभर विमा कंपनीसाठी जळकी घरं तपासत हिंडलेला माणूस. आग लागली की लावली, हे तो राखेवरून सांगायचा. चोरांची अक्कल त्याला बऱ्यापैकी ठाऊक होती.

त्याची बायको ओपल खिडकीपाशी केस विंचरत होती. निळा डबा तू कुठे हलवलास का, असं त्याने तिला विचारलं.

"कसला डबा?" ती म्हणाली.

"बिस्किटांचा. काल रात्री इथे होता."

"तो डुलूथलाच राहिला, हार्लन. ओट्यावर. निघताना मी बघितला ना."

तिने हे इतक्या शांतपणे सांगितलं की हार्लनच्या डोळ्यांसमोर आपल्या घरचा ओटा आणि त्यावरचा निळा डबा उभाच राहिला. मग काल रात्री आपण झाकण दाबलं ते कशाचं?

पासपोर्ट गेले म्हणजे जहाज गेलं. आठवडाभर दोघं रेल्वेने आणि गाडीने अलास्काचं रान बघत उतरत होती. आज संध्याकाळी व्हिटियरच्या धक्क्यावरून जहाज सुटणार होतं, ते किनाऱ्याकिनाऱ्याने व्हँकुव्हरला जाणार, म्हणजे कॅनडात, म्हणजे पासपोर्टाशिवाय पाऊलही ठेवू देणार नव्हते. ओपल इथलीच. नदीकाठच्या एका खोपटात जन्मलेली. बाप गेल्यावर आई तिला बोटीने दक्षिणेला घेऊन गेली तेव्हा ती वाटभर इतकी रडली होती, की हा किनारा तिला दिसलाच नव्हता. तो एकदा धड बघायचा, हे ती लग्नाच्या वर्षापासून बोलत आली होती.

पण हार्लन घाबरला तो निव्वळ जहाजापायी नव्हे. गेलं वर्षभर डुलूथच्या घरात वस्तू नाहीशा होत होत्या. त्याचा दाढीचा साबण गॅरेजच्या माळ्यावर सापडला. पाइपची तंबाखू तिथेच. संत्र्याच्या मुरंब्याची बरणीही तिथेच, तुळईला टांगलेली. यातलं काही ठेवल्याचं त्याला आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हाच तर पुरावा, असं त्यांची मुलगी मार्ना म्हणाली होती. तिने बापाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं की या सहलीत पुन्हा एकदा जरी असं झालं तरी घर विकायचं आणि विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या त्या आश्रमात नाव घालायचं. हार्लनने मान डोलावली होती. त्या घराचा जिना त्याने स्वतःच्या हाताने बांधला होता.

तोंड धुवायला गेला तर साबण नव्हता. लॉजवाल्यांनी साबणातसुद्धा हात आखडलेला दिसत होता. चरफडत त्याने खुंटीवरचा हिरवा कोट ओढला. तो दमट होता आणि बाह्या दुमडलेल्या होत्या. त्या झटकून खाली ओढत त्याने दार उघडलं आणि पाय तसाच हवेत धरला. उंबऱ्याबाहेर खिळ्यांची फळी तशीच पडलेली होती, टोकं वर. रोज संध्याकाळी लॉजची मालकीण प्रत्येक कॅबिनच्या दारापुढे ती टाकून जाई, अस्वलाने पंजा ठेवू नये म्हणून. सकाळी तीच येऊन उचली. आज ती यायची होती. फळीचा दोर पायाशीच होता, तो धरून हार्लनने ती बाजूला ओढली.

दाराला कुलूप नव्हतं. या मुलखात कुणीच कुलूप घालत नाही. मागे अस्वल लागलेल्या माणसाने किल्ली कुठे शोधायची? म्हणजे रात्री आत कुणीही येऊ शकलं असतं. रात्री कानातली यंत्रं काढून ठेवली की हार्लनला ढगांचा गडगडाटसुद्धा ऐकू येत नसे.

२

जेवणघरात आंबवलेल्या पिठाच्या धिरड्यांचा वास सुटला होता. मालकीण यूडोरा स्लेगल तव्यापाशी उभी राहून सगळ्यांवर एकदमच ओरडत होती. सत्तरीची, उंचनिंच, आवाज असा की नदीपलीकडचं मूस हरीणसुद्धा कान टवकारेल. टेबलाशी टेक्ससहून आलेलं जोडपं बसलं होतं. ड्वेन पिकेन्स दातांचा डॉक्टर, आता निवृत्त. चार दिवस झाले तरी डेनालीचं शिखर ढगातून बाहेर आलं नाही म्हणून तो रुसला होता, जणू ते कबूल करून फसवलं होतं. त्याची बायको लुआन दिसेल त्याचे फोटो काढी. व्हॅनचा ड्रायव्हर वासिली एवान इथल्याच देनाइना आदिवासींपैकी. तो उभ्याउभ्याच रेनडियरचं सॉसेज खात घड्याळ बघत होता. व्हिटियरच्या वाटेवर डोंगरातून एकच बोगदा आहे, तासाला एकदा या बाजूने उघडतो. वेळ चुकली की खोळंबा.

हार्लनने डब्याचं सांगितलं.

"मोठ्या बॅगेत गेला असेल," ओपल सगळ्यांना समजावल्यासारखं म्हणाली. "ह्याचं हल्ली असं होतं."

मोठ्या बॅगा काल संध्याकाळीच दाराबाहेर ठेवल्या होत्या, त्या ट्रकने थेट जहाजावर गेल्यासुद्धा. वासिलीने धक्क्यावर फोन लावून विचारलं. तिथली बाई म्हणाली, बॅगा जहाजाच्या पोटात गेल्या, आता मालकाने जहाजावर येऊनच घ्यायच्या. म्हणजे जहाजावर चढायला पासपोर्ट हवा आणि पासपोर्ट शोधायला जहाजावर चढायला हवं. वासिलीने फोन ठेवला आणि उरलेलं सॉसेज तोंडात टाकलं.

"पण डबा बॅगेत नव्हता," हार्लन म्हणाला. "बॅगा गेल्यानंतर मी पासपोर्ट डब्यात ठेवले."

"डबा डुलूथला आहे रे," ओपल म्हणाली.

लुआनने धिरड्यावरून मान वर केली. निळा ना तो, तिने विचारलं, आल्याच्या बिस्किटांचा? परवा व्हॅनमध्ये ओपलनेच तिला त्यातली दोन दिली होती, एक तर तिच्या दाताला चिकटलं होतं.

"असेल बाई," ओपल हसून म्हणाली आणि धिरड्यावर पाक ओतायला लागली.

हार्लनचा जीव अर्धा भांड्यात पडला. डबा आला होता तर. पण मग बॅगेत, ओट्यावर, फळीवर... त्याच्या डोक्यात तीन डबे एकदम खडखडायला लागले आणि त्यातला खरा कुठला ते त्याला सांगता येईना. यूडोराने तवा खाली ठेवून हुकूम सोडला की गाडी निघेपर्यंत सगळ्यांनी शोधायचं, आणि या घरातून आजवर सुईसुद्धा गेलेली नाही, तेव्हा ज्याने नेला असेल त्याने मुकाट्याने आणून ठेवावा.

३

हार्लनने जुन्या सवयीने एकेकाला गाठलं.

वासिली व्हॅनची काच पुसत होता. पिकेन्सने त्याच्या मागे बोलून दाखवलं होतं की असले पासपोर्ट विकले जातात, आणि ते त्याच्या कानावर आलं होतं. त्यामुळे तो तापलेलाच होता.

"विकले जातात ना, काका? मग गिऱ्हाईक पण सांगून टाका. इथून पुढच्या गावापर्यंत मला मूसच भेटतात. त्यांना विकू?"

हार्लनने माफी मागितली. वासिली थोडा निवला. त्याने सांगितलं की तो रात्री यूडोरा मावशीच्या माजघरात झोपला होता आणि मावशी इतकी घोरते की तो जागाच होता. बाहेर पाऊस होता, कुत्रा एकदा उठला, शेपूट हलवली आणि पुन्हा झोपला. परका माणूस असता तर त्याने लॉज डोक्यावर घेतलं असतं.

यूडोराने स्वयंपाकघराशेजारची लोखंडी पेटी उघडून दाखवली. वासाची कुठलीही वस्तू रात्री या पेटीत जायची, हा इथला कायदा. खाणं तर सोडाच, कुत्र्याचं जेवणसुद्धा. पेटीत पीठ, लोणी, बेकन, सगळं होतं, डबा नव्हता. पेटीची कडी अस्वलालाच काय, पाहुण्यांनासुद्धा उघडत नाही, ती म्हणाली.

पेटीच्या पलीकडे, गवतात, चार उंच खांबांवर जुनी लाकडी कोठी उभी होती, कबुतरांच्या खुराड्याएवढी. पूर्वी लोक हिवाळ्याचं मांस तिच्यात ठेवत. आता ती नुसती शोभेची. काल तिथेच सगळे रमले होते. ओपल तर पोरीसारखी हरखली होती. आमच्याकडे अशीच होती, जेवणं झाली की सगळं वर ठेवायचं काम माझं, असं ती सांगत होती, आणि बाप कसा कडक होता त्याच्या गोष्टी. लुआनने शिडीवर चढून फोटो काढून घेतला होता. आज लुआन तिथेही बघून आली, पण शिडी लावलेलीच नव्हती, गवतात पडली होती. शिडीवाचून तिथे चढणार कोण, असं म्हणून ती परतली.

राहिला पिकेन्स. तो सकाळपासून नजर चुकवत होता. हार्लनने त्याला व्हॅनच्या मागे गाठलं आणि नुसतं त्याच्याकडे बघत राहिला. जळक्या घरांचे मालक असेच फुटायचे, प्रश्न न विचारता.

पिकेन्सने आधी इकडेतिकडे बघितलं, मग हळूच कबूल केलं की रात्री तो जागा होता. लुआनने सिगार बंद केलेला, म्हणून ती झोपल्यावर त्याने खिडकीतून तोंड बाहेर काढून ओढला. पावसात भिजला, थंडीने कुडकुडला, पण ओढला. हे लुआनला कळलं तर तो मेलाच.

"म्हणजे तुम्ही बाहेर बघत होता," हार्लन म्हणाला. "कोणी दिसलं?"

पिकेन्सच्या चेहऱ्यावर दया आली.

"मी मुद्दामच बोललो नाही," पिकेन्स म्हणाला. "बाहेर तुम्हीच होता, हार्लन. हाच हिरवा कोट, डोक्यावर त्याचीच टोपी ओढलेली. काखेत काहीतरी चपटं. स्वयंपाकघराच्या मागे गेलात."

४

लॉजपुढच्या बाकावर हार्लन बसून राहिला. कोट अजून दमट होता. काल संध्याकाळी तो खुंटीवर टांगला तेव्हा पाऊस सुरूही झाला नव्हता, एवढं त्याला पक्कं आठवत होतं. निदान आठवतंय असं वाटत होतं. आता त्या वाटण्याला काय किंमत? वर्षभर तो मनातल्या मनात भांडत होता, की साबण मी ठेवला नाही, तंबाखू मी ठेवली नाही. आणि इथे एका माणसाने त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. माणूस रात्री उठतो, कोट घालतो, पावसात कुठेतरी जातो, येऊन झोपतो आणि सकाळी लोकांना चोर ठरवत हिंडतो. हार्लनला स्वतःची भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच.

ओपल येऊन शेजारी बसली. तिने त्याचा हात हातात घेतला. ती रागावली नव्हती, हे जास्त वाईट होतं. जहाज काय, पुढच्या वर्षी बघू, ती म्हणाली. पुढच्या वर्षी काही व्हायचं नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

"मार्नाला फोन करायला हवा," ती म्हणाली. "तिला सांगितलं नाही तर ती माझ्यावर चिडेल."

"कर. पण थोडं थांबून. व्हॅन निघताना कर."

ती त्याच्या गालावर थोपटून आत गेली. हार्लनने डोळे पुसले आणि स्वतःला एक शिवी दिली. त्याच्या धंद्यात एक नियम होता: घरमालक काय म्हणतो ते ऐकायचं आणि मग ते बाजूला ठेवून राख बघायची. आज घरमालक तोच होता. त्याचं म्हणणं बाजूला ठेवायचं. पिकेन्सचंही. ओपलचंही.

मग राहिलं काय? राहिला कोट.

त्याने कोट अंगातून काढून मांडीवर घेतला. पाठ दमट, टोपी दमट. बाह्या मात्र मनगटापासून वर वीतभर कोरड्या होत्या, आणि त्या कोरड्या पट्ट्याच्या कडेला घडीची स्पष्ट रेघ. सकाळी त्या दुमडलेल्या होत्या, त्यानेच तर चरफडत खाली ओढल्या होत्या. म्हणजे पावसातही त्या दुमडलेल्याच होत्या. हार्लनचे हात लांब. दुकानातला कुठलाही कोट त्याला मनगटाशी आखूडच पडतो, त्यावरून मार्ना लहानपणापासून त्याची चेष्टा करत आली होती. स्वतःच्या कोटाच्या बाह्या त्याने कधी, कशाला दुमडल्या असत्या?

तो उठला. गुडघा ठणकला, पण डोक्यातला एक डबा खडखडायचा थांबला होता.

५

यूडोराला त्याने आपल्या कॅबिनपाशी नेलं आणि खिळ्यांची फळी रात्री टाकतात तशी टाकून दाखवायला सांगितलं. तिने भुवया उंचावल्या, पण फळी ओढत आणून उंबऱ्यापुढे टाकली आणि हात झटकले. फळीचा दोर अंगणाच्या बाजूला होता.

"नेहमी असाच?" हार्लनने विचारलं.

"मग कसा? मी अंगणात उभी असते. दोर दाराकडे टाकला तर सकाळी उचलायला खिळ्यांवरून वाकू का? या वयात?"

"आज सकाळी दोर दाराकडे होता. माझ्या पायाशी. मी आतूनच ओढली फळी."

यूडोराने फळीकडे बघितलं, मग उंबऱ्याकडे. ज्याने शेवटी फळी टाकली तो दाराच्या आत उभा होता. बाहेरून आलेला चोर डबा घेऊन गेला असता, तर जाताना त्याने फळी अंगणातून टाकली असती, किंवा टाकलीच नसती. ही फळी टाकणारा बाहेर जाऊन आला होता, आत शिरला होता, आणि मग दोर धरून फळी आपल्यामागे ओढून घेऊन झोपला होता. कुत्रा भुंकला नाही, कारण तो माणूस इथे राहणाराच होता. आणि आत तर दोघंच होती.

"म्हणजे तुम्ही," यूडोरा हळूच म्हणाली.

"तेच बघायचंय."

दोघं स्वयंपाकघराच्या मागे गेली. शिडी गवतात होती. हार्लनला वाटलं होतं ती वाऱ्याने पडली असेल, पण पडलेली शिडी खांबांच्या पायाशी तिरपी पडते. ही कोठीपासून चांगली लांब, सरळ, नीट आडवी घातलेली होती. तिच्याखालचं गवत भिजलेलं होतं. पाऊस सुरू झाल्यावर कुणीतरी ती इथे आणून ठेवली होती.

"ही तर मी कायम लावून ठेवते, फोटोंसाठी," यूडोरा म्हणाली. मग तिचा आवाज, जो कधीच खाली येत नसे, एकदम खाली आला. "माझी आजी अशी ठेवायची. सामान वर ठेवलं की शिडी काढून लांब निजवायची. नाहीतर अस्वलाचं पिल्लूसुद्धा चढतं. आता कोण ठेवतं अशी? टेक्ससवाल्यांना हे माहीतच नाही. आणि वासिली तर लोखंडी पेटीतच टाकेल."

हार्लनलाही ते माहीत नव्हतं. डुलूथमध्ये जन्मलेल्या माणसाला शिडी निजवायची असते हे कुठून कळणार? आणि शिडी चढायला त्याला डॉक्टरांनी वर्षापूर्वी, गुडघा बसवला तेव्हाच, बंदी केली होती. बंदी नसती तरी त्याला जमलं नसतं. दोन पायऱ्यांवर त्याचा पाय अडकतो.

गॅरेजच्या माळ्यालासुद्धा शिडीच होती.

वर्षभर हे त्याच्या नाकासमोर होतं. दाढीचा साबण, पाइपची तंबाखू, संत्र्याचा मुरंबा. घरात शेकडो वस्तू, पण हरवल्या त्या एवढ्याच, आणि प्रत्येकीला वास. प्रत्येक वस्तू उंचावर, शिडीने चढून. त्या घरी चोर नव्हता, वेंधळा म्हातारा नव्हता. जेवणं झाली की सगळं वर ठेवायचं काम असलेली एक मुलगी होती, बापाला भिणारी, आणि ती आपलं काम अजून चोख करत होती. त्या मुलीला डुलूथ माहीत नव्हतं. पासपोर्ट माहीत नव्हते. तिला एवढंच कळत होतं की घरात बिस्किटांचा वास येतोय आणि बाहेर रान आहे. आणि सकाळी उठणाऱ्या ओपलला त्या मुलीने रात्री काय केलं ते माहीत नसे.

"वासिलीला बोलवा," तो म्हणाला. "बाकी कुणाला नको."

६

वासिली शिडी लावून चढला, कोठीचं दार ढकललं आणि आत हात घालून चाचपलं. मग एकेक वस्तू खाली द्यायला लागला. निळा डबा. लॉजचा साबण. दातांची पेस्ट. हार्लनच्या खोकल्याच्या गोळ्या. ओपलची हाताला लावायची गुलाबाची क्रीम. सगळं ओपलच्या तपकिरी स्कार्फमध्ये नीट बांधलेलं होतं. हार्लनने डबा उघडला. चुऱ्यावर दोन पासपोर्ट, कोरडे ठणठणीत.

तो जिंकला होता. त्याचं डोकं शाबूत होतं. तो आता मार्नाच्या तोंडावर एकेक पुरावा मांडू शकत होता, बाह्या, दोर, शिडी, गुडघा. घर विकायचं कारण उरलं नव्हतं. वर्षभर ज्या एका गोष्टीसाठी तो जीव टाकत होता ती हातात आली होती, आणि त्याला वाटलं, हे पिकेन्सचं म्हणणं खरं असतं तर किती बरं झालं असतं.

वासिली शिडीवरून उतरला. त्याने स्कार्फकडे बघितलं, हार्लनकडे बघितलं, आणि काही न विचारता शिडी उचलून पुन्हा गवतात लांब निजवली. यूडोराचे डोळे भरले होते. तिने विचारलं की आता बाकीच्यांना काय सांगायचं.

"मीच ठेवला होता," हार्लन म्हणाला. "रात्री. आत्ता आठवलं मला."

"अहो, पण तुमचा गुडघा..."

"म्हणून तर आज इतका दुखतोय."

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावरून ओपल येत होती, हातात यूडोराचा बिनतारी फोन. तिच्यामागे पिकेन्स नवरा-बायको. हार्लनने स्कार्फ कोटाच्या आत कोंबला आणि डबा वर धरून दाखवला. सगळ्यांसमोर त्याने कबुली दिली: अस्वलांच्या गोष्टी ऐकून घाबरलो, झोपेत उठलो, कोठीत नेऊन ठेवला, आणि विसरलो. पिकेन्सने मोठ्या मनाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. लुआनने फोटो काढायला फोन उचलला आणि यूडोराने तिच्याकडे असं बघितलं की तिने तो खाली केला.

ओपलने पासपोर्ट हातात घेऊन आधी स्वतःचा फोटो बघितला, मग त्याचा. तिचा चेहरा इतका उजळला की हार्लनला दुसरीकडे बघावं लागलं. जहाज मिळणार होतं.

"मार्ना फोनवर आहे," ती म्हणाली, फोनच्या तोंडावर हात ठेवून, हळू. "काय सांगू? खरं सांगावं लागेल रे."

"सांग. सापडलं म्हणून सांग. आणि घरी आलो की ती म्हणेल तसं करू, हेही सांग."

मार्नाला तो स्वतः सांगणारच होता. बाह्यांपासून शिडीपर्यंत सगळं. ते लपवून भागणार नव्हतं, ओपलच्याच भल्यासाठी. पण व्हँकुव्हरला उतरल्यावर. तोवर किनारा होता, बर्फाचे कडे होते, आणि ती ते सगळं बघणार होती, या खेपेला न रडता. तेवढे दिवस त्या घरातला विसराळू माणूस म्हणून राहणं त्याला जमण्यासारखं होतं. सराव तर झालेलाच होता.

वासिलीने व्हॅन अशी हाणली की बोगदा उघडायच्या आधीच ते रांगेत होते. मागच्या बाकावर पिकेन्स घोरत होता. वाटेत मध्येच ढग फाटले होते आणि मागे, अगदी लांब, डेनाली उभा राहिला होता, पांढरा, अख्खा. पिकेन्सला कुणी उठवलं नव्हतं.

ओपलने डबा मांडीवर घेतला होता. तिने झाकण उघडून वास घेतला, कपाळाला बारीकशी आठी पडली, आणि तिने व्हॅनच्या छताकडे, सामानाच्या फळीकडे बघितलं. हार्लनने हळूच डबा तिच्या हातातून घेतला, पासपोर्ट काढून आपल्या खिशात घातले, आणि चुरा खिडकीतून बाहेर उडवून दिला. ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने त्याच्या कोटाची बाही मनगटापर्यंत नीट ओढली, लहान पोराची ओढावी तशी.

"पासपोर्ट तुझ्या उजव्या खिशात आहेत," ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "विसरलास तरी घाबरायचं नाही. मी आहे ना लक्षात ठेवायला."

"हो," हार्लन म्हणाला. "तू आहेस."

समोर बोगद्याचा दिवा हिरवा झाला आणि वासिलीने गाडी आत घातली.